मंजुरीपासून वापरापर्यंत: गावातील डिजिटल आणि सांस्कृतिक कामांचा पाठपुरावा कसा करावा

शासनाच्या पैशातून होणारे काम चार वेगवेगळ्या वेळी 'झाले' असे म्हटले जाते. मंजुरी मिळते तेव्हा फलक लागतो, निधी खर्ची पडतो तेव्हा अहवालातील टक्केवारी वाढते, बांधकाम संपते तेव्हा पूर्णत्वाचा दाखला निघतो, आणि त्यानंतर केव्हातरी गावातील माणसे ते वापरू लागतात. पहिल्या तिन्ही टप्प्यांचे कागद कार्यालयात असतात. चौथ्याची नोंद बहुधा कोणाकडेच नसते. रस्ता खचला किंवा नळ आटला तर गाव त्याच दिवशी बोलू लागते. ग्रामपंचायतीतील बंद फायबर जोडणी, कुलूप लागलेले सांस्कृतिक सभागृह किंवा खोक्यातून बाहेरच न आलेले ग्रंथालयाचे संगणक यांच्यावाचून मात्र कोणाचा दिवस अडत नाही, आणि म्हणूनच ही कामे वर्षानुवर्षे अर्धवट राहू शकतात. विदर्भातील खेड्यांत राहून अशा कामांवर लक्ष ठेवू इच्छिणाऱ्या ग्रंथालय कार्यकर्त्यांसाठी, ग्रामपंचायत सदस्यांसाठी, शिक्षकांसाठी आणि तरुणांसाठी पुढील पद्धत लिहिली आहे.

काम कोणाचे आणि पैसा कोणत्या खात्याचा

पाठपुरावा फसतो तो बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर, कारण अर्ज चुकीच्या कार्यालयात जातो. गावात एकाच आवारात उभ्या असलेल्या तीन गोष्टींचे मालक तीन असू शकतात. समाजमंदिर 'पंचवीस-पंधरा'च्या निधीतून, म्हणजे ग्रामविकास विभागाच्या २५१५ या लेखाशीर्षातून (खर्च ज्या खात्यावर नोंदतात त्याच्या क्रमांकातून) झालेले असते. त्यासमोरचे सभागृह आमदार किंवा खासदार निधीतले असते. आणि ग्रामपंचायतीच्या खोलीतील फायबरची पेटी केंद्राचे भारतनेट किंवा राज्याचे महानेट या इंटरनेट जाळ्यांपैकी एकाची असते. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्तीतील कामांचा निधी समाजकल्याण विभागाच्या योजनेतून आणि आदिवासी वस्तीतील कामांचा ठक्कर बाप्पा योजनेतून येतो. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात आणि मेळघाटात पेसा क्षेत्रातील, म्हणजे ग्रामसभेला विशेष अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागातील, ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध (ठरावीक कामाला न बांधलेला) निधी थेट मिळतो, त्यामुळे तेथे प्रश्न विचारण्याची पहिली जागा ग्रामसभाच असते. तीर्थक्षेत्राच्या कामात गाव 'ब' वर्गात आहे की 'क' वर्गात, यावर मंजुरी कोठून येते हे ठरते.

जुन्या मंदिरांच्या आणि गढ्यांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी नाजूक आहे. चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा किंवा लोणारचे दैत्यसूदन मंदिर ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची संरक्षित स्मारके आहेत. तेथील जीर्णोद्धाराबद्दल जिल्हा परिषदेला कितीही निवेदने दिली तरी तिला तेथील एक दगडही हलवता येत नाही. मंदिराकडे जाणारा रस्ता, भक्तनिवास किंवा प्रसाधनगृह यांची जबाबदारी मात्र राज्याच्या किंवा जिल्ह्याच्या यंत्रणेकडे असू शकते. राज्य संरक्षित स्मारकांसाठी राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे जावे लागते. एकाच आराखड्यातील कामे अशी विभागलेली असल्याने, आराखड्याच्या एकूण रकमेमागे न लागता एकेक काम वेगळे काढून त्याच्यासमोर कार्यान्वयन यंत्रणेचे नाव लिहावे.

गावाचे नाव लिहितानाही दक्षता घ्यावी. पिंपळगाव, वडगाव, खैरी ही नावे विदर्भात जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत आणि एका तालुक्यातही दोनदा येतात. केंद्र शासनाच्या स्थानिक स्वराज्य संस्था निर्देशिकेत प्रत्येक ग्रामपंचायतीला स्वतंत्र सांकेतांक दिलेला आहे. तो एकदा शोधून ठेवला आणि प्रत्येक अर्जावर लिहिला, की दुसऱ्याच गावाची माहिती आपल्या हाती पडण्याचा धोका टळतो.

कागदांचा क्रम

साधारण बांधकामाच्या कागदांचा प्रवास असा असतो: ग्रामसभेचा किंवा ग्रामपंचायतीचा ठराव, प्रस्ताव, अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी, देयके, पूर्णत्वाचा दाखला, उपयोगिता प्रमाणपत्र आणि हस्तांतरण. यांतला प्रत्येक कागद उपयोगाचा असला, तरी सामान्य नागरिकाने तीन कागदांवर विशेष भर द्यावा, असे माझे मत आहे. कार्यारंभ आदेशात कामाची मुदत असते. अंदाजपत्रकात काय बांधायचे, किती बांधायचे आणि कोणत्या दर्जाचे साहित्य वापरायचे हे बाबवार लिहिलेले असते. मोजमाप पुस्तिकेत, ज्याला सगळे 'एमबी' म्हणतात, अभियंत्याने प्रत्यक्ष किती काम मोजले हे तारखेसह असते. हे तीन कागद शेजारी ठेवून कामाच्या ठिकाणी उभे राहिले, तर बोलण्यासारखे पुष्कळ काही सापडते.

उपयोगिता प्रमाणपत्रावर मात्र विसंबू नये. निधी ज्या कारणासाठी दिला त्याच कारणासाठी खर्च झाला, एवढेच ते सांगते. सभागृहात कार्यक्रम होतात की नाही, याच्याशी त्या कागदाचा संबंध नसतो.

यांपैकी बरीच माहिती घरबसल्या मिळते. शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार आणि तारखेवार उपलब्ध असतात, आणि अनेक निर्णयांच्या शेवटी जोडलेल्या परिशिष्टात गावाचे नाव, कामाचे नाव व रक्कम असते. निविदा महाटेंडर्स या संकेतस्थळावर पाहता येतात. तेथे मूळ निविदेबरोबर नंतरची शुद्धिपत्रकेही वाचावीत, कारण मुदतवाढ आणि व्याप्तीतील बदल बहुधा तेथेच नोंदलेले असतात. लेखाशीर्षवार निधी किती वितरित झाला हे राज्य शासनाच्या निधीवाटपाच्या 'बीम्स' प्रणालीवर दिसते. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या आराखड्यातील आणि वित्त आयोगाच्या निधीतील कामे २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर वर्षवार पाहता येतात. खासदार निधीची कामे आता 'ई-साक्षी' प्रणालीतून चालतात.

संकेतस्थळावरील आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात, नाहीतर अन्यायाचा आरोप होतो आणि पुढे आपल्या म्हणण्याला वजन उरत नाही. पहिली अशी, की जिल्हा वार्षिक योजनेतून जिल्हा परिषदेला मिळालेला निधी खर्च करण्यास त्या आर्थिक वर्षानंतरचे एक वर्षही मिळते. मार्चअखेर निधी शिल्लक दिसला म्हणजे तो बुडाला, असे नाही. दुसरी अशी, की निवडणुकीच्या आचारसंहितेत नवे कार्यारंभ आदेश थांबतात, पण आधी सुरू झालेली कामे थांबवावी लागत नाहीत. 'आचारसंहितेमुळे काम बंद आहे' असे उत्तर मिळाल्यास कार्यारंभ आदेशाची तारीख विचारावी. बहुतेक वेळा तेवढ्याने खुलासा होतो.

फायबर गावात आली, म्हणजे काय झाले

राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याच्या योजनेला २०११ मध्ये मंजुरी मिळाली आणि पुढे तिचे नाव भारतनेट झाले. प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत किमान १०० एमबीपीएस क्षमतेची जोडणी पोहोचवणे हा तिचा हेतू होता. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यातील काम मुख्यतः बीएसएनएलने केले, तर दुसऱ्या टप्प्यात राज्य शासनाने महाआयटी या आपल्या माहिती तंत्रज्ञान कंपनीमार्फत महानेट प्रकल्प राबवला. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेट कार्यक्रमाला मान्यता दिली. त्यात जोडण्या वर्तुळाकार करण्यावर भर आहे, म्हणजे एका ठिकाणी तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने संपर्क चालू राहावा. आपल्या तालुक्यात कोणत्या टप्प्याचे जाळे आहे, हे सर्वांत आधी विचारावे, कारण तक्रार कोणाकडे जाणार हे त्यावर ठरते.

या योजनेच्या याद्यांत ग्रामपंचायत 'सेवेसाठी सज्ज' अशी दिसू शकते आणि त्याच दिवशी ग्रामपंचायतीत ऑनलाइन दाखला काढण्यासाठी संगणक परिचालक स्वतःच्या मोबाइलचे इंटरनेट वापरत असतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, कारण यादीतील नोंद उपकरण बसवून चाचणी झाल्याची असते, रोजच्या वापराची नसते. ही दरी भरून काढणारी नोंद गावानेच ठेवली पाहिजे, आणि ती ठेवणे अवघड नाही.

ग्रामपंचायतीच्या खोलीत भिंतीवर किंवा रॅकमध्ये ओएनटी नावाची, फायबर जेथे येऊन संपते ती, लहान पेटी असते. तिच्यावरील दिव्यांकडे पाहावे. 'पॉवर'चा दिवाच बंद असेल तर दोष विजेचा, बॅटरीचा किंवा काढून ठेवलेल्या प्लगचा आहे, आणि तो बहुतेक वेळा गावातच सुटतो. 'पॉवर' चालू असून 'एलओएस'चा (संकेत तुटल्याचा) लाल दिवा लुकलुकत असेल, तर फायबरमधून प्रकाश पोहोचत नाही, म्हणजे तार कोठेतरी तुटली किंवा निसटली आहे. रस्ता रुंदीकरण, नाली खोदकाम आणि पाइपलाइन ही त्याची नेहमीची कारणे. 'पॉन'चा (फायबर जोडणीचा) दिवा स्थिर आहे, 'एलओएस' बंद आहे आणि तरीही इंटरनेट चालत नाही, तर दोष पुढे, म्हणजे सेवा पुरवण्याच्या किंवा थकलेल्या शुल्काच्या बाजूला असण्याची शक्यता मोठी. तक्रारीत 'इंटरनेट बंद आहे' एवढेच न लिहिता कोणता दिवा कोणत्या दिवशी कसा होता हे लिहिले, तर तंत्रज्ञाला काय घेऊन यायचे ते कळते आणि 'तुमच्याकडची वीज नव्हती' हे उत्तर देता येत नाही.

वेग मोजायचा झाल्यास भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे 'मायस्पीड' ॲप वापरता येते. मोजताना मोबाइलचा डेटा बंद करून ग्रामपंचायतीच्या वायफायवर असल्याची खात्री करावी आणि सकाळी, भर दुपारी व संध्याकाळी अशा वेगवेगळ्या वेळांचे आकडे घ्यावेत. उन्हाळ्यात भारनियमन असते तेव्हा बॅटरी किती वेळ टिकते, हेही लिहावे. आवारातील केबल ओढून पाहणे, खड्डा उकरणे किंवा पेटी उघडणे मात्र कटाक्षाने टाळावे. फायबर काचेची असते, आणि एकदा आपला हात लागला की पुढचा सगळा दोष आपल्यावर येतो.

धारणी तालुक्यातील हरिसाल २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून नावारूपास आले, तेव्हा टेलिमेडिसिन, डिजिटल शाळा आणि वायफाय यांची देशभर चर्चा झाली. अशा पथदर्शी गावाकडे पाहताना विचारण्याजोगा प्रश्न हा, की यांतली प्रत्येक सेवा आज कोण चालवतो आणि तिचे बिल कोण भरते. तोच प्रश्न आपल्या गावालाही लागू आहे.

सभागृह, ग्रंथालय आणि पोथ्या

सांस्कृतिक सभागृहाची पाहणी अंदाजपत्रक हातात घेऊन आणि मोजपट्टी बरोबर नेऊन करावी, आणि एकट्याने न जाता दोघांनी जावे. लांबी-रुंदी, खिडक्यांची संख्या, रंगमंचाची उंची, प्रसाधनगृह, अपंगांसाठीचा उतार हे सर्व अंदाजपत्रकाशी ताडता येते. त्याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी कागदावर कमी दिसतात. विजेचे मीटर कोणाच्या नावावर आहे आणि इमारत ग्रामपंचायतीच्या स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत चढली आहे का, हे पाहावे. हस्तांतरण न झालेल्या इमारतीचे वीजबिल भरण्यास ग्रामपंचायत तयार नसते आणि बांधकाम विभागाचे काम तोवर संपलेले असते. कुलूप लागते ते याच फटीत. झाडीपट्टीतील, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यातील, गावांत तर रंगमंचाचा प्रश्न उपजीविकेशी जोडलेला आहे. तेथे दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो आणि वडसा येथील नाट्यसंस्था गावोगाव प्रयोग करतात. अशा भागात सभागृहाच्या मुदतीची तारीख दिवाळीच्या आधीची आहे की नंतरची, हे विचारणे पूर्णपणे रास्त आहे.

सार्वजनिक ग्रंथालये १९६७ च्या अधिनियमाखाली अ, ब, क, ड अशा वर्गांत मान्यता घेऊन चालतात. त्यांच्या अनुदानाची आणि तपासणीची माहिती जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे किंवा नागपूर व अमरावती येथील सहायक ग्रंथालय संचालकांच्या कार्यालयात मिळते. इमारत, फर्निचर किंवा संगणकासाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानचे साहाय्य मिळाले असेल, तर त्याची अट आणि राज्याचा हिस्सा वेगळा पाहावा. संगणक आले एवढ्यावर न थांबता ग्रंथांची सूची त्यांत भरली गेली का, आणि वाचकाला ती शोधता येते का, हे तपासावे.

पोथ्यांच्या आणि जुन्या दस्तऐवजांच्या डिजिटायझेशनला हाच निकष लावावा. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे मोठे स्थान, लीळाचरित्राशी जोडलेले, आणि आता तेथे मराठी भाषा विद्यापीठ उभे राहत आहे. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात हस्तलिखितांसाठी 'ज्ञान भारतम्' मोहीम जाहीर झाली. अशा कामात यंत्रे किती घेतली, हा आकडा प्रगती सांगत नाही. किती पाने चित्रित झाली, त्यांपैकी किती सूचीबद्ध झाली, मूळ पोथी ज्याची होती त्याला परत मिळाली का, प्रती किती ठिकाणी साठवल्या आहेत आणि अभ्यासकाला त्या उघडून वाचता येतात का, हे प्रश्न विचारावेत. पोथी मठाची किंवा घराण्याची असेल तर परवानगीचा लेखी कागद झाला आहे की नाही, हेही तितक्याच आदराने विचारावे.

इमारतीचे आणि संस्थेचे वेळापत्रकही वेगवेगळे मांडावे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. कोणत्याही संग्रहालयाचे उद्घाटन झाले की तेथून पुढे रोजच्या वेळा, कर्मचारी, देखभाल आणि वार्षिक तरतूद यांचा पाठपुरावा सुरू होतो.

माहिती अधिकाराचा अर्ज

संकेतस्थळावर जे मिळत नाही ते माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली मागावे. महाराष्ट्रात अर्जावर १० रुपयांचे कोर्ट फी मुद्रांक लावतात, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, आणि अर्ज एकाच विषयाचा व साधारण १५० शब्दांच्या आत असावा लागतो. म्हणून सभागृह, फायबर आणि ग्रंथालय यांचे तीन अर्ज करावेत. मजकूर असा असू शकतो: 'अमुक ग्रामपंचायत, सांकेतांक अमुक, येथील सांस्कृतिक सभागृहाच्या कामाचे मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पृष्ठे, अदा केलेली देयके, मुदतवाढीचे आदेश आणि हस्तांतरणाचे पत्र यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.' 'काम का रखडले' असा प्रश्न अर्जात विचारू नये. कायदा अस्तित्वात असलेला अभिलेख देतो, मत देत नाही. कारण हवे असेल तर मुदतवाढीच्या प्रस्तावाची प्रत मागावी, त्यात ते लिहिलेले असते.

उत्तरासाठी ३० दिवस असतात. अर्ज चुकीच्या प्राधिकरणाकडे गेला तर त्याने तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. उत्तर न आल्यास ३० दिवसांत प्रथम अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. आयोगाची खंडपीठे नागपूर आणि अमरावती येथे आहेत, मुंबईला जावे लागत नाही. बीएसएनएल किंवा पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्यासाठी केंद्राच्या नियमांनुसार अर्ज करावा आणि शुल्क पोस्टल ऑर्डरने किंवा केंद्राच्या माहिती अधिकार संकेतस्थळावर भरावे.

अर्जाच्या आधी, किंवा त्याच्या जोडीने, नस्ती, म्हणजे कामाची फाइल, प्रत्यक्ष पाहण्याचा मार्ग मला अधिक फलदायी वाटतो. माहितीच्या अधिकाराच्या व्याख्येत काम, दस्तऐवज आणि अभिलेख यांची पाहणी, टिपणे घेणे आणि साहित्याचे नमुने घेणे हे सर्व येते. राज्य शासनाने २०१८ मध्ये जिल्हा पातळीवरील कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू देण्याचा निर्णय घेतला. नस्ती समोर असली की कोणत्या पानाची प्रत मागायची हे कळते, आणि लिपिकाशी चार शब्द सौजन्याने बोलता येतात. कर्मचारी बहुतेक वेळा स्वतःच कामाच्या ओझ्याखाली असतात. त्यांना शत्रू मानून केलेला पाठपुरावा दूर जात नाही.

नोंद, ग्रामसभा आणि नागपूर

प्रत्येक कामासाठी वहीचे एक पान ठेवावे. वर कामाचे नाव, सांकेतांक, लेखाशीर्ष, यंत्रणा, मंजूर रक्कम, कार्यारंभाची तारीख आणि मुदत. खाली दर महिन्याला एका ठरलेल्या दिवशी पाहिलेली स्थिती. छायाचित्र दर वेळी त्याच जागेवरून काढावे आणि त्यात तारीख व स्थान दिसावे. पावसाळ्यातील नोंदी वेगळ्या खुणेने लिहाव्यात. पर्लकोटा नदीच्या पुराने गडचिरोलीतील भामरागडचा संपर्क तुटतो त्या दिवसांत काम थांबणे आणि कोरड्या जानेवारीत थांबणे यांची किंमत सारखी नाही. मजुरांची, कंत्राटदारांची किंवा कर्मचाऱ्यांची खासगी माहिती आणि फोन क्रमांक या वहीत किंवा गावाच्या व्हॉट्सॲप गटात टाकू नयेत.

ही वही ग्रामसभेत वाचली जावी. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभांच्या नेहमीच्या तारखा आहेत. विषय आधीच लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्यावा, कारण आयत्या वेळी मांडलेला विषय चर्चेत विरून जातो. गावात ज्यांना अजूनही सचिव म्हणतात त्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून ठरावाची प्रत घ्यावी आणि ती गटविकास अधिकाऱ्याला पाठवावी. तालुक्यात दाद न मिळाल्यास महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात होणारा लोकशाही दिन आहे, आणि 'आपले सरकार' संकेतस्थळावरील तक्रार आहे.

विदर्भाला आणखी एक सोय आहे. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपूरला होते, ते बहुधा डिसेंबरात. तारांकित प्रश्नाची, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात उत्तर द्यायच्या प्रश्नाची, सूचना पुष्कळ आधी द्यावी लागते, त्यामुळे आपल्या आमदारांकडे दसऱ्याच्या सुमारास जावे आणि निवेदनाऐवजी वहीतील पान द्यावे: कामाचे नाव, लेखाशीर्ष, मुदत, मोजमाप पुस्तिकेतील शेवटची तारीख आणि आजचे छायाचित्र. प्रश्नाचे लेखी उत्तर आले की त्याची प्रत त्याच पानाला जोडावी आणि उत्तरात दिलेली नवी मुदत पुढच्या ओळीत लिहावी. काम पूर्ण झाले तरी निविदेतील दोषदायित्वाचा कालावधी संपेपर्यंत पान बंद करू नये. त्या काळात छत गळले किंवा वायरिंग जळाले तर दुरुस्ती कंत्राटदाराने स्वखर्चाने करायची असते, पण तशी लेखी मागणी मुदतीच्या आत पोहोचावी लागते.